कुसळीची शेपटी

आमची नर्सरी फुटली तेव्हा रस्त्याकडचा भाग मोठ्या चुलत भावाने घेतला. गुलाब, क्रोटन, कुंड्या, येणारं-जाणारं गिऱ्हाईक, सगळं त्याचं. मला मागचा तुकडा आला आणि त्यावर एक फाटकं ग्रीनहाऊस. तेवढं मी गिळलं असतं. पण वाटणीला बसलेल्या माणसांसमोर तो म्हणाला, "याला भाव करता येतो, रोप करता येत नाही." लूमचं काम सोडून, डोक्यावर मातीची घमेली वाहून मी ती नर्सरी उभी केली होती. ते वाक्य मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

त्या हिवाळ्यात एक मॅडम सुरतेबाहेर कोसाडला, आमच्या नर्सरीत आल्या. डांगाकडच्या उजाड टेकडीवर त्यांची संस्था जंगल लावत होती. झाडं लागली होती, पण खालची जमीन उघडी, माती वाहून जायची. झाडांखाली जे गवत मुळात असतं तेच त्यांना हवं होतं, बियांपासून वाढवलेलं. त्या आधी अर्थातच पुढच्या दाराला गेल्या. भाऊ हसला. "बेन, गवत आम्ही उपटतो. मागे विचारा, तिथे गवतच आहे."

त्या मागे आल्या. मी सवयीने ताणून धरलं. म्हटलं, "नमुना-बिमुना मी करत नाही. अख्ख्या टेकडीचं काम देणार असाल तर बोला."

"आधी उगवून दाखवा," त्या म्हणाल्या. "पळस फुलला की येईन. रोपं उभी दिसली तर टेकडी तुमची. नाही दिसली तर मी दुसरा माणूस बघीन."

समोरचा माणूस एका वाक्यात सौदा बांधतो तेव्हा मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. मी हो म्हटलं. खरं तर टेकडीपेक्षा मला पुढच्या दाराला उत्तर द्यायचं होतं.

त्यांनी आदल्या वर्षीचं, चांगलं वाळलेलं बी पाठवलं. पवन्या गवताचं थोडं, कुसळीचं गोणीभर. कुसळीचं बी ज्याने पाहिलं नाही त्याला सांगतो: दाणा बारीक, सुईसारख्या टोकाचा, आणि त्याला बोटभर लांब काळं कुसळ, म्हणजे शेपटीच. हजारो शेपट्या एकमेकींत गुंतून त्यांचे गोळे झालेले. हात घातला की बोटांत घुसायचं, विजारीला चिकटायचं.

गोणी मी लिंबायतला घरी नेली. आमच्या गल्लीत घरोघरी बायका साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करतात. साडी पसरायची, लोंबणारा धागा दिसला की कैचीने कच्. माझी बायको त्यात सगळ्यांत जलद. तिने शेजारणी बोलावल्या, आणि गप्पा मारता मारता त्यांनी शेपट्या छाटायला सुरुवात केली. लोंबतंय ते कापायचं, हे आमच्या सुरतेच्या हातांना शिकवावं लागत नाही. अर्धी गोणी संपली तेव्हा परातीत बी जिऱ्यासारखं स्वच्छ दिसत होतं. मी खूश झालो. असा साफ माल पुढच्या दाराच्या बापाने पाहिला नसेल, असंही म्हणालो. त्याचा बाप म्हणजे माझा सख्खा काका, हे बायकोने लगेच लक्षात आणून दिलं.

ग्रीनहाऊसचं नेट मी शिवून घेतलं, ट्रे भरले, छाटलेलं बी वर पसरलं, झारीने पाणी दिलं. रोज दिलं. काही आलं नाही. बी पाण्याबरोबर ट्रेच्या कडेला वाहून गोळा व्हायचं आणि तिथे त्याला बुरशी धरायची. मी माती बदलली, जागा बदलली, ट्रेला लाथही घातली. पळसाला कळ्या दिसू लागल्या होत्या.

एका सकाळी बायको डबा घेऊन आली. मी तेव्हा बियांना मोठमोठ्याने शिव्या देत होतो.

"तेसले ऐकू येस का?" ती तिच्या अहिराणीत म्हणाली, आणि माझ्या विजारीला चिकटलेलं एक शेपटीवालं बी उपटून तिने ओल्या ट्रेवर टाकलं. असंच, सहज. मग खाली वाकली. "देखा, देखा! फिरी राहिनं!"

मी पाहिलं. ओल लागताच शेपटी आपोआप गोल फिरत होती. तिचं वरचं टोक मातीच्या ढेकळाला अडकलं, तरी पीळ सुटतच राहिला, आणि तो सगळा जोर खालच्या टोकात गेला. सुईसारखा दाणा मातीत शिरू लागला. उभा राहिला. खाली गेला.

तरुणपणी मी सूत पिळायच्या मशीनवर काम केलंय. धाग्याला पीळ द्यायला केवढी मोटर लागते, केवढी चाती, केवढा आवाज. इथे आवाज नाही, वीज नाही, माणूस नाही. रानातल्या एका फालतू बियाला स्वतःला पेरता येत होतं. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो.

"आपण ते साडीना धागा समजनूत," ती म्हणाली, "अन् तेन्हा हातच कापी टाका."

उरलेली अर्धी गोणी आम्ही शेपट्यांसकट पेरली. पाणी झारीने ओतायचं नाही, फवाऱ्याने फक्त ओल द्यायची, मग थोडं वाळू द्यायचं, परत ओल, हे तिनेच ठरवलं. ओल आणि सुकणं यांत शेपट्या फिरायच्या, थांबायच्या, पुन्हा फिरायच्या. अख्खा ट्रे हलतोय असं वाटायचं. मग हिरवी टोकं आली, केसाएवढी.

पळस फुलला आणि मॅडम आल्या. एका बाजूला बोटभर उंचीची कोवळी रोपं, दुसऱ्या बाजूला रिकामे ट्रे.

"भाई, आ खाली केम?" रिकाम्या ट्रेंकडे बोट करून त्यांनी विचारलं.

तुमचं बीच खराब होतं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. बायकोने मला ते बोलू दिलं नाही. तिने मोडक्या गुजरातीत साड्या, कैच्या, शेपट्या, सगळं सांगून टाकलं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ट्रेची कड धरावी लागली. मग त्यांनी एक रोप चिमटीत धरून ओढलं. ते आलं नाही. अजून जोर लावला तेव्हा मातीचं ढेकूळ घेऊन, लांब पांढऱ्या मुळांसकट निघालं. त्यांनी ते परत जागेवर दाबलं. "टेकडी तुमची," त्या म्हणाल्या. "पण कैची घरी ठेवा."

बातमी पुढच्या दाराला पोचायला वेळ लागला नाही. भाऊ आला, ग्रीनहाऊसच्या दारात उभा राहिला, बराच वेळ ट्रेंकडे बघत राहिला.

"कोणी उगवलं हे?"

"मी," मी म्हटलं.

"हां, यासनीच," मागून बायको म्हणाली. "शिव्या दी दीसन."

तो हसला, तीही हसली. मी हसलो नाही. सकाळचं थेट ऊन दारातूनच आत यायचं आणि तो बरोबर मध्ये उभा होता.

"दादा, बाजूला सरका," मी म्हटलं. "रोपांवर सावली पडतेय."