न कळणाऱ्या माणसाची सही

मास्तरांना हॉस्पिटलच्या कमिटीवर घेतलं, ते त्यांना फार कळत होतं म्हणून नव्हे. कळत नव्हतं म्हणूनच घेतलं. ऐकायला थट्टा वाटेल, पण नियमच तसा आहे. माणसांवर नवं औषध किंवा नवं यंत्र वापरून बघायचं असलं, की आधी एक नीतीची कमिटी बसते. तिच्यात डॉक्टर लागतात, वकील लागतो, एक धर्माचा माणूस लागतो, एक तत्त्वज्ञान शिकवणारा लागतो, आणि एक लागतो साधा माणूस. अगदी रस्त्यावरचा. रुग्णाला द्यायचा कागद त्याने वाचायचा आणि जिथे अडेल तिथे हात वर करून म्हणायचं, "मला नाही कळलं." मग शहाण्यांनी ते वाक्य सोपं करायचं. बस्स, एवढंच काम.

मास्तर शिंपी होते. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर त्यांचं दुकान, आणि डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायचे तेच. कमिटीचे अध्यक्ष, सगळे ज्यांना मोठे डॉक्टर म्हणत ते, एकदा खांद्याचं माप देता देता म्हणाले, "मास्तर, आम्हाला एक सरळ माणूस हवाय." मास्तरांनी टेप गळ्यात अडकवला आणि होकार देऊन बसले. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "काही कळत नाही म्हणून निवडलं होय? मी इतकी वर्षं तेच म्हणत होते, तेव्हा मात्र राग यायचा!"

पहिली दोन वर्षं त्यांनी काम चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. कागदावर 'प्रतिकूल परिणाम संभवतात' असं दिसलं की हात वर. "म्हणजे त्रास होईल ना? मग त्रास लिहा की." वकीलसाहेब कपाळाला हात लावत. धर्मगुरू मिशीत हसत. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकबाई म्हणत, "बघा, आमच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हा एक माणूस उपयोगाचा." मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढे. आणि इथेच माती खाल्ली गेली. कारण शहाण्यांत ऊठबस वाढली, की माणसाला आपणही थोडेसे शहाणे झालो असं वाटायला लागतं.

त्या दिवशी कमिटीपुढे आलं ते हात थरथरणाऱ्या माणसांसाठीचं यंत्र. डोक्याच्या हाडाला भोक पाडून मेंदूत एक बारीक तार सोडायची, ती कातडीखालून गळ्याजवळ आणायची आणि तिथे काडेपेटीएवढी डबी बसवायची. डबी चालू असेपर्यंत हात स्थिर. दर पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस येऊन आपल्या मशीनवर ती डबी जुळवून देणार. बेचाळीस माणसांवर करून बघायचं होतं.

धर्मगुरू आणि बाई यांची जी जुंपली म्हणता! धर्मगुरू म्हणाले, "शरीर ही ठेव आहे. आपल्याकडे सांभाळायला दिलेली. ठेवीत तार खुपसण्याआधी मालकाचा विचार नको?" बाई म्हणाल्या, "मालक ज्याचा तोच. त्याला सगळं खरं सांगा, मग त्याने हो म्हणावं नाहीतर नाही. त्याच्या वतीने आकाशाकडे कोण बघणार?" मग तारेने माणसाचा स्वभाव बदलला तर पापपुण्य कोणाच्या खात्यावर, तो माणूस तोच राहिला का, इथपर्यंत गाडी गेली. दोन तास! मास्तर एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. दोघांचंही पटत होतं.

चौदावं पान आलं तेव्हा सगळे थकले होते. वकीलसाहेबांनी बॅगेची चेन लावली होती. त्या पानावर खाली एक वाक्य होतं: 'अभ्याससमाप्तीपश्चात उपकरणविषयक साहाय्य प्रायोजकाच्या विवेकाधीन राहील.' मास्तरांनी ते तीनदा वाचलं. कळलं नाही. हात वर करायला बोटं सरळही झाली होती. पण त्या दुपारी त्यांनी आधीच दोनदा हात वर केला होता, आणि दुसऱ्या वेळी कंपनीचा तरुण अधिकारी त्यांच्याकडे बघून हसला होता. कुत्सित नव्हे हो. कुत्सित असता तर मास्तरांनी त्याला सोडला नसता. तो कनवाळूपणे हसला होता, लहान मुलाने बुटाची नाडी चुकीची बांधली की आपण हसतो तसा.

"मास्तर, कळलं ना सगळं?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"हो, हो," मास्तर म्हणाले आणि सही केली.

आता उस्तादबद्दल सांगायला हवं. मास्तरांच्या दुकानाला लागून त्याचं सलून. तीस वर्षांचा शेजार. वस्तऱ्याने दाढी करणारा त्या रस्त्यावरचा तो शेवटचा माणूस, आणि हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीत घोरायला लागे. मास्तरांच्या बायकोला तो वहिनी म्हणे आणि ती त्याला भावजी. त्या सहीच्या दोन वर्षं आधी त्याचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग कंगवा पडायला लागला. एकदा गिऱ्हाइकाच्या कानामागे रक्त निघालं तेव्हा त्याने शटर ओढून घेतलं आणि चार महिने उघडलंच नाही. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. आत बसून हाताकडे बघत राही.

मग एक दिवस तो हॉस्पिटलचा कागद घेऊन मास्तरांकडे आला. तोच कागद. "मास्तर, डोक्यात तार घालतायत म्हणे. सही करू का?"

कमिटीतल्या माणसाने असा सल्ला द्यायचा नसतो. मास्तरांना ते पक्कं ठाऊक होतं. पण समोर उस्ताद उभा होता आणि त्याच्या हातातला कागद पत्रावळीसारखा फडफडत होता.

"डोळे झाकून कर," मास्तर म्हणाले. "माझ्या हाताखालून गेलाय तो."

उस्तादने एकही पान वाचलं नाही. वाचायचं कशाला? आपला माणूस आत बसलाय की.

आणि यंत्र चाललं! नुसतं चाललं नाही, धावलं. शटर वर गेलं, आरसे पुसले गेले, दीड वर्ष उस्ताद सकाळपासून उभा. मास्तर दिवसाआड त्याच्याकडे दाढीला जात आणि मान मागे टाकताना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत. बढाई कुठे मारली नाही त्यांनी, पण मनात मारलेली बढाईसुद्धा बढाईच.

मग कमिटीकडे ते पत्र आलं.

कंपनीने अभ्यास बंद केला होता. यंत्र वाईट म्हणून नव्हे. कंपनीला आता दुसरं काहीतरी बनवायचं होतं. जुळवणीचं मशीन महिनाअखेर परत जाणार होतं. बेचाळीस जणांच्या डब्या त्यानंतर आपापल्या चालतील, असं पत्रात होतं. किती दिवस, ते सांगता येणार नाही. दोन महिने, पाच महिने, कदाचित दोन आठवडे. थांबताना आधी काही सूचना मिळणार नाही. बेचाळीसमधल्या एका बाईची डबी तर आत्ताच थांबली होती. तेव्हा तिच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं.

"पण असं कसं?" मास्तर म्हणाले. "त्यांना मध्येच सोडून कसं जाता येईल?"

वकीलसाहेबांनी चौदावं पान काढलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "याचा अर्थ, अभ्यास संपल्यावर मदत करायची की नाही ते कंपनीच्या मर्जीवर. आपण मान्य केलंय."

रुग्णांना रीतसर पत्र जाईल, मसुदा तयार व्हायला तीन आठवडे लागतील, तोवर कोणीही बाहेर बोलायचं नाही, असं ठरलं. सगळे उठले. मास्तर मोठ्या डॉक्टरांच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "साहेब, ते वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं."

डॉक्टर थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मलाही ते नीट कळलं नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून वाटलं सोपं असेल."

मास्तरांना पायरी दिसेना. कठड्याला धरून ते खाली आले.

त्यानंतर नऊ दिवस ते दाढीला गेले नाहीत. मशीनवर बसत आणि दोन दुकानांमधल्या काचेतून शेजारी बघत. उस्ताद एकेक गळा समोर घेत होता. शाळेतले गुरुजी. हॉस्पिटलचा वॉचमन. एक ट्रकवाला, जो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला आणि ज्याचं डोकं मागे लोंबलं. वस्तरा त्याच्या घाटीवरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. इकडे मास्तरांच्या सुईखाली कापड वेडंवाकडं सरकत होतं. कोटाची बाही त्यांनी उलटी जोडली. आयुष्यात पहिल्यांदा!

"अहो, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" बायको म्हणाली. "आणि हे दाढीचं रान कशाला वाढवलंय? भावजी विचारत होते, मास्तरांनी संन्यास घेतला काय म्हणून."

मास्तर धर्मगुरूंकडे गेले. ते प्रार्थनेच्या खोलीत एकटेच खुर्च्या लावत होते. मास्तरांनी उस्तादचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "न कळता हो म्हटलं, तर पाप कोणाचं?"

"हो कोणाला म्हणालात?"

"कमिटीला."

"आणि त्या मित्राला?"

मास्तरांनी एक खुर्ची उचलून रांगेत ठेवली.

"बाहेर बोलणार नाही असा शब्द दिलाय तुम्ही, आणि दिलेला शब्द मोडा असं मी सांगू शकत नाही," धर्मगुरू म्हणाले. मग ती खुर्ची त्यांनी पुन्हा सरळ केली. "पण देवाची माफी मागायला इथे येऊ नका. देवाला वस्तरा चालवावा लागत नाही." आणि मास्तर दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "मला वाटलं होतं, बाईंना कळलंय ते वाक्य."

बाई कॉलेजात भेटल्या, पेपर तपासत होत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नियम सांगतो की थांबा. एकाला आधी कळलं आणि बाकीच्यांना नाही, तर तोही अन्याय. पण माणसाला अंधारात ठेवून त्याच्यावर काही घडू द्यायचं, म्हणजे त्याला वस्तू समजणं झालं. वर्गात हे मी पाटीवर लिहून देते." त्यांनी चष्मा परत लावला. "मला वाटलं होतं, डॉक्टरांना कळलंय."

म्हणजे बघा, एक जण वर बघत होता, एक चहूकडे, आणि पायाखाली कोणीच बघितलं नव्हतं. तिथे बघायला ज्याला बसवलं होतं, त्याने लाजेखातर मान हलवली होती. कॉलेजातून परत येताना मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि स्वतःलाच म्हणाले, "नालायक."

दहाव्या दिवशी सकाळी ते सलूनमध्ये शिरले. बाकावर दोघं बसले होते. मास्तरांना बोलायचं होतं बाहेर, एकट्याशी. पण उस्ताद त्यांना बघून इतका खूश झाला की त्याने खांद्याला धरून खुर्चीतच दाबलं. "या, या! हे दोघं थांबतील. तुमचं जंगल आधी साफ करतो." गरम टॉवेल आला, साबण आला. आरशात उस्तादचा गळा दिसत होता आणि कातडीखाली त्या डबीचा चौकोन.

वस्तरा उजव्या कानाखाली टेकला. तेव्हा मास्तरांना कळून चुकलं की आता नाही बोललो तर उद्याही बोलणार नाही.

"उस्ताद, ते यंत्र बंद पडणार आहे."

"मान हलवू नका."

"ऐक. कंपनी निघून गेली. कधी थांबेल ते सांगता येत नाही. एका बाईचं थांबलंसुद्धा. कागदात तसं लिहिलं होतं. चौदाव्या पानावर. मला ते कळलं नव्हतं, आणि मी तुला सही कर म्हणालो."

वस्तरा जिथे होता तिथेच राहिला. मास्तरांनी डोळे वर करून आरशात बघितलं. उस्तादचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ थरथरत होते, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. हात मात्र जराही हलला नाही. यंत्र त्याला हलू देत नव्हतं.

"आत्ता थांबू शकतं?" उस्तादने विचारलं. "या मिनिटाला?"

"हो."

"मग उठता का बसता?"

गळ्यावरचं पातं गार होतं. अर्ध्या तोंडाला साबण होता. मास्तरांच्या छातीत धडधडत होतं आणि ती धडधड पात्याला लागत असणार, असं त्यांना वाटलं. भीती वाटत होती. खोटं कशाला बोला, फार वाटत होती.

"बसतो," ते म्हणाले आणि मान मागे टाकली.

उस्तादने बाहीने डोळे पुसले. मग दाढी पुरी केली. घाईने नाही, नेहमीच्याच चालीने. उजवा गाल, हनुवटीची खालची बाजू, घाटी, डावा गाल. कुठे ओरखडा नाही. टॉवेलने तोंड पुसलं, वस्तरा धुतला, खांद्यावरचे केस झटकले आणि तीस वर्षांच्या सवयीने, मागे न बघता, म्हणाला, "चला, पुढचं कोण?"

बाकावर कोणी नव्हतं.