छागलीचं पाणी

भोकरदनच्या वरच्या अंगाला अजिंठ्याचा डोंगर आहे. आमच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून चढताना, तो डोंगर वाटतच नाही. ज्वारीची रानं, मग माळ, मग आणखी माळ. माथा येतो आणि थोडं पुढे जमीन एकदम तुटते, खाली उभा कडा. माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस केळणेतून पूर्णेला, पूर्णेतून गोदावरीला आणि शेवटी पूर्वेच्या समुद्राला जातो. पलीकडचा तापीला मिळतो आणि पश्चिमेच्या समुद्राला जातो. शाळेतली पोरं हे पाठ करतात. आम्ही त्यावर पहारा करायचो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी निजामाच्या पलटणीत होतो. माथ्यावर आमची सात जणांची चौकी होती. जिथे पाणी वळतं, तिथे निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजांची लागायची. हद्दीचे दगड होते, पण गुरं पळवणारे डाकू ते कड्यावरून ढकलून देत. हत्यार घेऊन पलीकडे गेलं किंवा पलीकडे गोळी झाडली तर कोर्ट मार्शल. शंका आली की आमचे जमादार दाऊद खान एकच ऑर्डर द्यायचे, "छागल ओत." छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. धार दक्षिणेला गेली तर हद्द आपली, उत्तरेला गेली तर माघारी फिरायचं. उन्हाळ्यात घशाला कोरड पडलेली असताना हा माणूस पाणी सांडायला लावतो, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना शिव्या घालायचो. साहेब जालन्याचे. तोंडाने फटकळ, पण जवान जेवल्याशिवाय स्वतः कधी जेवले नाहीत.

एप्रिलमध्ये एका पहाटे डाकूंनी खालच्या गावातून दहा बैल पळवले आणि गुराख्याचा गळा चिरला. आम्ही माग काढत साडेनऊला माथ्यावर पोचलो. पुढे स्काउट म्हणून किसन होता. किसन माझ्याच गावचा, अंबड तालुक्यातला. भरतीला आम्ही एकाच बैलगाडीतून गेलो होतो.

पहिली गोळी त्याच्या मांडीत घुसली. तो आमच्यापुढे चाळीस पावलांवर उघड्या माळावर पडला. समोरच्या दगडांआड पाच-सहा बंदुका होत्या. दुसरी गोळी त्याच्या डोक्याजवळची माती उडवून गेली. हरामखोर त्याच्याशी खेळत होते.

"जमादारसाब, मरून राह्यलो मी! ओढा मला!"

"किसन, हलू नक्को!" साहेब ओरडले. मग माझ्याकडे वळले. "हद्द कुठंय?"

"दगड न्हाई, साहेब."

"पुढं जा. छागल ओत."

मी सरपटत किसनच्या अलीकडे दहा पावलांवरच्या खडकाआड पोचलो. ओंजळभर पाणी ओतलं. धार सरळ उत्तरेला, किसनकडे गेली. म्हणजे तो इंग्रजांच्या मुलखात पडला होता. मागून गोळीबाराची साथ असल्याशिवाय त्याला ओढणं म्हणजे दोघांचं मरण. मी जमिनीला पोट लावून पडलो आणि बायोनेटने दक्षिणेकडे चार बोटं खोल रेघ मारली. माळ जवळजवळ सपाट होता, तेवढी पुरली. उरलेलं पाणी त्या रेघेत ओतलं.

"साहेब, आपल्याकडं!"

साहेब सरपटत आले. त्यांनी पाणी पाहिलं. माझ्या बायोनेटच्या टोकाची माती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"बराबर. हद्द आपली. सेक्शन, फायर!"

साहेब सगळ्यांच्या पुढे धावले. मी किसनचा पट्टा धरून ओढू लागलो. एक जण कुऱ्हाड घेऊन अंगावर आला. मी बायोनेट त्याच्या बरगड्यांखाली घातलं. ते अडकलं. त्याच्या छातीवर पाय देऊन मला ते उपसावं लागलं. तो आवाज मी विसरलेलो नाही. दहा मिनिटांत चार डाकू मेले. एक पळताना कड्यावरून गेला, त्याची किंकाळी बराच वेळ ऐकू येत होती.

साहेबांना पोटात गोळी लागली होती. खडकाला टेकून बसले होते. दोन्ही हातांनी आतडी आत धरून ठेवली होती.

"किसन?"

"जिता हाय, साहेब."

"ती रेघ पुसून टाक. चौकशी होईल. जल्दी कर."

मी तळहाताने रेघ पुसली. माती अजून ओली होती. परत आलो तेव्हा साहेब गेले होते. सव्वादहा वाजले होते.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन नकाशा घेऊन आले. आम्ही सगळे एकच बोललो: जमादार साहेबांनी पाणी पाहूनच ऑर्डर दिली. कागदावर नोंद झाली, हद्दीच्या आत.

दरवर्षी एप्रिलमध्ये मी आणि किसन जालन्याला साहेबांच्या कबरीवर जातो. किसन काठी टेकत चालतो. मी छागल भरून नेतो आणि कबरीवर पाणी घालतो. मागच्या वर्षी तो म्हणाला, "नशीब माझं, आपल्या हद्दीत पडल्तो. पलीकडं पडलो असतो तं साहेब आलेच नसते."

मी उरलेलं पाणी कबरीवर ओतलं. तेव्हा त्याला सांगितलं नाही, ते इथे लिहून ठेवतो. किसन, तू पलीकडेच पडला होतास. साहेबांना ते दिसलं होतं, आणि तरी ते आले.