संकष्टीची भरती

माझं माहेर माणगावकडचं, भातशेतीचं. लग्न होऊन खाडीच्या तोंडावरच्या बेटावर आले, तर मोठी जाऊ मला 'डोंगरची' म्हणायची. हसतच म्हणायची हो, पण दिवसातून चारदा. एकदा तिनं पैजच लावली. किनाऱ्याकिनाऱ्यानं बेटाला पायी वळसा घालायचा, चांगले पाच कोस, आणि दुपारच्या लाँचचा भोंगा व्हायच्या आत दारात यायचं. नाही जमलं, तर महिनाभर दोघींचं पाणी मी भरायचं. जमलं तर तिनं. विहीर टेकाडापलीकडे, म्हणजे बघा.

साक्षीला ती स्वतःच आली. पहाटे निघालो. तिचा उपास, तरी तोंड बंद नाही. वाळूची पुळण झाली, कातळ आला. कालवांची कवचं माझ्या पायाला लागली, तर म्हणते कशी, "भाताच्या चिखलात लाडावलेले पाय गो तुझे."

मी म्हटलं, "कवचांचं काही नाही, जाऊबाई, तुमची जीभ जास्त टोचते."

दोघी हसत सुटलो. सासरी आल्यापासून इतकं मोकळं मी हसले नव्हते.

शेवटी एक ओहळ उतरायचा, पलीकडे आमची वाडी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते, बेटावर पोरींनाही ठाऊक. जाऊ म्हणाली, "आज संकष्टी, म्हंजे चवथ. तीनला भरती. आता गुडघाभर पानी असंल."

बघतो तर कमरेच्या वर. जाऊ कातळावर बसलीच. "मला पवता येत न्हाय गो."

मी नदीत म्हशींबरोबर पोहून वाढलेली. काष्टा घट्ट केला नि म्हटलं, "पदर धरा माझा." मधोमध तिनं पदर सोडून माझी मानच धरली. पलीकडे पाय टेकले आणि भोंगा झाला.

सासूबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. जाऊ म्हणाली, "हरली ही. ओहळात अडकलो, दारात न्हाय पोचली."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "संकष्टी धरतात ती रातच्याला चंद्र उगवताना चवथ असंल तवा. दुपारी तीजच होती. भरती सव्वादोनला. हिशेब कुनी केला?"

जाऊ ओला पदर पिळायला लागली.

"मग हिशेब करनारीच घागर उचलंल."

दुसऱ्या दिवशी जाऊ विहिरीकडे निघाली, तशी मीही घागर घेऊन मागोमाग.

"जिंकलीस ना गो? मग कशाला आलीस?"

"घरात बोलायचं कुणाशी?" म्हटलं.

त्या महिन्यात विहिरीखालच्या तळीत मी तिला पोहायला शिकवलं. 'डोंगरची' मात्र ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, आणि मी ओ देत राहिले.