रिकामा शंख

माघी पौर्णिमेनंतरचा रविवार होता. दादर चौपाटीच्या खडकांवर ओहोटीतले समुद्री जीव दाखवणारी सहल होती, माणशी दोनशे रुपये. घरून मी आणि सौ. होतो. गटात सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. उचललेला प्रत्येक दगड त्या होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवत. डबक्यावर वाकण्याआधी आपली सावली पाण्यावर पडत नाही ना, हे बघत.

सौ.ला एक शंख सापडला. आमची लालबागची चाळ पाडली तेव्हा सामान हलवताना तिच्या आईने दिलेला शंख फुटला होता. देवघरात तो ठेवायची अडणी तेवढी उरली होती. तिने हा शंख रुमालात गुंडाळला.

"तो इथेच ठेवता का?" बाई म्हणाल्या.

"रिकामाच आहे हो. आत बघितलं मी."

"म्हणूनच. मुंबईत रिकामी जागा मिळते कुणाला?"

त्यांनी डबक्यात बोट दाखवलं. एक लहान खेकडा टूथपेस्टचं टोपण पाठीवर घेऊन चालला होता.

"याचं पोट मऊ असतं, म्हणून दुसऱ्याच्या शंखात राहतो. शंख नाही मिळाला, की मग हे असलं."

चाळ पाडल्यापासून सहा वर्षं आम्ही संक्रमण शिबिरात काढली आहेत. मग सौ.ने रुमाल सोडला आणि शंख त्याच्यापुढे ठेवला. खेकड्याने तो नांग्यांनी आतून-बाहेरून चाचपला आणि झटकन आत शिरला. टोपण बाईंनी आपल्या पिशवीत टाकलं.

अडणी अजून मोकळीच आहे. त्या दिवशी आयोजकांना चारशे रुपये दिले, आणि खेकड्याला शंख.