वैशालीच्या नावाची मूठ

वैशालीचा फोन आला तेव्हा मी पर्वत पाटियाला रिक्षात बसत होते. "काकू, मम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या, त्यामुळे बातमीचा धक्का नव्हता. नवल वाटलं ते माझ्या मनात आलेल्या पहिल्या विचाराचं... बरं झालं, मागचा श्रावण त्यांना मिळाला.

आमचं सासर खानदेशातलं, पण दोन पिढ्या सुरतेच्या लिंबायतमध्येच गेल्या. श्रावणात घरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, कुळातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठभर गहू मोजून घ्यायचे, दळायचे आणि ते रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्याची नजर नको म्हणून दार लावून. लग्न झालेली लेक बाहेरची. मी साताऱ्याकडची, पुस्तकांत डोकं घालून बसणारी शिक्षिका. पण सून म्हणून आत. आणि याच घरात वाढलेली वैशाली सोडचिठ्ठी होऊन आईकडे परत आली, त्या वर्षी बंद दाराबाहेर ओट्यावर बसून एकटी खिचडी खात होती. आक्कांच्या घशाखालीही त्या दिवशी घास उतरत नव्हता, पण रीत मोडताही येते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तशीच काही वर्षं गेली.

आक्का मनातलं बोलणाऱ्या नव्हत्या. दुपारी साड्यांना टिकल्या चिकटवत बसायच्या, सुट्टीच्या दिवशी मी शेजारी वाचत असायचे. मागच्या वर्षी अशाच एका दुपारी मान वर न करता त्यांनी विचारलं, "मास्तरीण, तू इतली पुस्तकं वाचस. परत येल पोरनं कूळ कोणतं, असं कुठे लिखेल शे का?"

"नाही, आक्का."

"मंग कोले इचारू?"

"वैशालीलाच विचारा ना."

"तिले काय इचारू! ती रडी, मंग मी रडसू."

पण त्यांनी विचारलं. त्या घरात आईनं लेकीला तिच्या मनातलं असं सरळ विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. वैशाली रडली नाही. "रोट नाही मिळाले तरी चालेल, मम्मी. तुम्ही दार लावून घेता ना, ते फक्त नको."

आक्कांनी पुढची साडी ओढून घेतली.

श्रावणात कानबाईचे गहू मोजताना सगळ्यांची नावं झाली आणि आक्कांनी सुपात आणखी एक मूठ टाकली. भाऊबंदांत वडीलधारे असलेले आप्पा समोरच बसले होते.

"ही कोनी?"

"मनी पोरनी."

"असं कधी व्हयेल नही, आक्का."

"नसन व्हयेल. आते व्हयनं."

"अन् कानबाई कोपनी तं?"

"कोपी तं मनावर कोपी, तुनावर नही. तुनं ताट वाढू का नको, ते सांग."

सगळे हसले. आप्पा पुटपुटत राहिले, पण जेवायला बसले. वैशाली रांगेत माझ्याशेजारी होती. दार उघडंच राहिलं, आणि गल्लीतलं कुणी आत डोकावलंसुद्धा नाही.

वय वाढलं की माणसाची उत्तरं पक्की होतात, असं मी वाचत आले आहे. आक्कांनी त्या वयात एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकूनही घेतलं. ते न करता त्या गेल्या असत्या, तर वैशालीला आईच्या आठवणीबरोबर ते बंद दारही आठवत राहिलं असतं. त्या विचारानं मला अजूनही हायसं वाटतं.

गेल्या रविवारी मी लिंबायतला गेले होते. आप्पाही आले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विषय काढला, "मास्तरीण, श्रावणात मुठी आते कोण मोजी?"

आक्कांनंतरची सून म्हणून मान खरं तर माझा. मी काही बोलणार, तर ते स्वयंपाकघराकडे पाहत होते. आत वैशाली तांदूळ काढत होती. मूठ भरायची, अंगठ्यानं वरचे सुटे दाणे परत डब्यात सारायचे आणि मगच पातेल्यात टाकायची. आक्का अगदी असंच करायच्या. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"हाईच मोजी," आप्पा हळूच म्हणाले आणि टोपी उचलून निघू लागले.

"बसा, आप्पा," वैशाली मागे न वळता म्हणाली, "तुमची मूठ टाकलीय मी."