दोन विटांएवढी वाट

आई गेली तेव्हा वहिनीनं विचारलं, "ताई, आठवण म्हणून काय नेता?" साड्या होत्या, पितळेचा हंडा होता. मी म्हणाले, काळी कोंबडी. वहिनीला वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं. फिरू दे. त्या कोंबडीच्या आजी-पणजीपासून आईनं आपल्या हातानं दाणे टाकले होते. बाकीच्या काही विकल्या, काही मेल्या. ही एकच उरलेली. टोपलीत घातली, वर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि इस्लापूरहून नांदेडमार्गे रेणापूरला घेऊन आले. एसटीत कंडक्टरनं लई कटकट केली, त्याला चांगलं सुनावलं मी.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या माळकरी. टोपलीतून बाहेर आलेली मान बघून म्हणाल्या, "अगं बाई! लोकं म्हायेराहून साडीचोळी आणत्यात, तू ह्ये आणलंस?" पण परत ने म्हणाल्या नाहीत. परसात ठेव, देवघराकडं फिरकू देऊ नको, एवढंच बजावलं.

मग मी बंदोबस्ताला लागले. आमच्या गल्लीत मोकाट कुत्री, भिंतीवर बोका, वर घार. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, बारीक छिद्रांची जाळी मारली, खालून ती हातभर जमिनीत गाडली आणि कडेनं विटा लावल्या. दाराला कडी, कडीला कुलूप. नवरा म्हणाला, "खुराडं हाय का जेल?" मी म्हटलं, जेलच हाय, तुम्हालाबी टाकू का आत? शेजारच्या कोंबड्याच्या कृपेनं काळीनं अंडी दिली, त्यांवर खुडूक बसली, पिल्लं निघाली. त्यातली दोन तिच्यासारखीच काळीभोर. त्या दिवशी मी शाळेत पोरांना अभ्याससुद्धा दिला नाही, एवढी खुशीत होते. आईचा वंश चालला होता हो माझ्या परसात!

परवाच्या शनिवारी सकाळची शाळा होती. घरी आले, स्कूटी लावली. रोज गाडीचा आवाज आला की काळी कुरकुर करायची. त्या दिवशी काही नाही. मी परसात गेले. कुलूप जागेवर होतं. कडी जागेवर. आत नुसती पिसं. पिल्लं इकडं तिकडं पडलेली, काही तर खाल्लेलीही नव्हती, नुसती मारून टाकलेली. काळी कोपऱ्यात मान टाकून पडली होती. पंख पसरलेले तसेच. किल्ली लावून कुलूप काढलं.

तिला उचलायला वाकले तेव्हा खाली नजर गेली. मागच्या बाजूच्या दोन विटा काढून शेजारी नीट रचून ठेवल्या होत्या आणि तेवढ्यापुरती जाळी उकरून वर मुडपलेली होती. कुत्र्या-मांजराचं काम नव्हे ते. माणसाचा हात! माझ्या डोक्यात अशी सणक गेली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी ओरडले, "कुणी काढल्या विटा? मुडदा बशिवला त्याचा! हात झडतील मेल्याचे!"

मागून आत्यांचा आवाज आला. "मीच काढल्या."

मी वळून बघितलं. आत्या दारात उभ्या होत्या, पांढऱ्याफटक पडलेल्या.

"परवा परसातल्या तुराट्यांच्या ढिगात नाग बघितला मी," त्या म्हणाल्या. "खुराड्याकडंच सरकत व्हता. तू घाबरशील म्हणून बोलले न्हाई. आपलं मुंगूस रोज परसातून जातंय. म्हटलं, त्याला आत यायला वाट ठेवली तर साप फिरकायचा न्हाई. मुंगूस म्हंजी चांगलं जनावर गं. राखण करंल म्हटलं."

राखण! मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आत्यांसमोर माझा आवाज चढला नव्हता. मुंगसाला तुम्ही लोक हात जोडता, ते काय कोंबडी सोडणार होतं का? आईची शेवटची निशाणी होती ती, तुम्हाला काय त्याचं? तुमचं काय गेलं?

आत्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं. तसं नव्हतं.

"तू आज भांडशील, उद्या बोलशील," त्या म्हणाल्या. "माझं आता किती ऱ्हायलं? वर गेले की इहीणबाई पयलं इचारंल, माझी काळी तुमच्या दारात दिली व्हती, कुठाय ती? तिला मी काय सांगू? सांग की गं!"