आठे बठ्ठं बरं शे

पहूर स्टेशनवर छोटी गाडी उभी होती. पाचोऱ्याहून मोठी गाडी, मुंबई, मग विमान. घरापासून स्टेशनपर्यंत माय दोनदा थांबली. एकदा चपलेचा अंगठा नीट केला, एकदा पदर. "काई नही, चाल तू," म्हणाली. मी चालले. एम.एस्सी. झालेली मुलगी, पण डोळे काय कामाचे.

त्याआधी तिला मुंबईत कॅन्सरसाठी लाल औषध दिलं होतं. नळीतून ते उतरताना बघून माझे वडील, नाना, म्हणायचे की रंग रक्ताचा आहे, ताकदच येणार. गाठ गेली. आम्ही निश्चिंत झालो.

परदेशात प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला नेमकं तेच औषध आलं. पेशीच्या पडद्यात वाहक प्रथिनं असतात. काही औषध आत घेतात, काही बाहेर फेकतात. कॅन्सरच्या पेशी ते बाहेर फेकून वाचतात, म्हणून आम्ही त्या वाहकांना अडवून बघत होतो. तर उंदरांची हृदयं खचायला लागली. हृदयाच्या पेशीही तसंच औषध बाहेर टाकून तगत होत्या. काही माणसांत हे बाहेर टाकणं मुळातच कमी पडत असेल, असं प्रयोगशाळेतले सर म्हणाले. मग हृदय हळूहळू थकतं, आधी चालताना दम लागतो. मला स्टेशनचा रस्ता आठवला.

त्याच दिवशी पत्र टाकलं. दम लागतो का? पाय सुजतात का? जळगावला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. महिन्याने उत्तर आलं. माय सांगायची, नाना लिहायचे. "आठे बठ्ठं बरं शे." इथे सगळं बरं आहे. लांब गेलेल्याला पत्रातून वाईट कळवायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. मीही तापाने पडले असताना मजेत आहे असंच लिहायचे. तरी त्या ओळीवर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. याचा राग अजून जात नाही, आणि तो नानांवर नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात माय गेली. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून शेवटचे महिने ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची, हे नानांनी नंतर सांगितलं. ती पत्रंही तिने तशीच बसून सांगितली होती.

आता घर म्हणजे रविवारचा नानांचा फोन. बठ्ठं बरं शे, ते म्हणतात. मी म्हणते, नाना, फोन ठेवू नका, जिना चढून-उतरून या आणि मग बोला. ते कुरकुरतात, पण जातात. परत येऊन रिसीव्हर उचलतात. मी त्यांचा श्वास ऐकत राहते.